ग्रीन कार्ड म्हणजे उचल नव्हे

धामणगाव बढे,
ता. मोताळा, जि. बुलढाणा

अमेरिकेत कंपन्या चालवणाऱ्या आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्या सर्व मराठी उद्योजकांना,



मी मूळची धामणगाव बढ्याची. शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेले. आपल्यासारख्याच एका मराठी माणसाच्या कंपनीत लागले. त्या कंपनीच्या अर्जावर २०२२ मध्ये मला ग्रीन कार्ड मिळालं आणि पुढच्या वर्षी मी दुसरी नोकरी धरली. राजीनामा वाचून मालक म्हणाले, ‘‘ग्रीन कार्ड मी दिलं तुला. खाल्ल्या मिठाला जागली नाहीस.’’

हे वाक्य एकट्या माझ्या वाट्याला आलं असतं तर मी गप्प बसले असते. पण न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात, जिथे जिथे आपली माणसं भेटली तिथे हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकायला मिळालं. सध्या आईकडे गावी आले आहे. इथेही शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘काहून वं बाई, ज्यानं तुले कागद करून देल्ले त्यालेच सोडलं?’’ म्हणजे ही समजूत समुद्र ओलांडून मोताळा तालुक्यापर्यंत आली आहे. ती चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसांचं नुकसान होतं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

आपण काय करता याची मला जाणीव आहे, ते आधी सांगते. एखाद्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा म्हणजे वकिलाची फी, जाहिरातींचा खर्च, सरकारी शुल्क आलं. ठरलेला पगार देण्याची ऐपत आहे हे कंपनीला कागदोपत्री दाखवावं लागतं, तेही अर्जाच्या तारखेपासून कार्ड हाती पडेपर्यंत. छोट्या कंपनीला एखादं वर्ष तोट्याचं गेलं तर तेवढ्यावरून अर्ज अडकतो. ही जोखीम आपण घेता. ती घेतली नसती तर माझ्यासारख्या कितीतरी जणांना एच-१बीची सहा वर्षं झाल्यावर सामान आवरून परतावं लागलं असतं. त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो कायम राहील.

पण अर्ज आपण करता, कार्ड अमेरिकन सरकार देतं. ते मिळायला वेळ लागतो, कारण १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० व्हिसा ठरवून दिले. त्यात नवराबायको आणि मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत, अशी अट आहे. भारताला जी मर्यादा, तीच आइसलंडला. रांगेतली माझी तारीख, म्हणजे पहिला अर्ज दाखल झाल्याची तारीख, २०१२ ची होती. कोविडच्या काळात कुटुंबाच्या आधारे दिले जाणारे व्हिसा पडून राहिले आणि ते नोकरीच्या कोट्यात आले. त्यामुळे २०२१ आणि २०२२ या दोन सरकारी वर्षांत हा कोटा अनुक्रमे २,६२,००० आणि २,८१,००० च्या घरात गेला. रांग एकदम पुढे सरकली आणि माझा नंबर लागला. यात ना आपली कर्तबगारी होती, ना माझी.

आता एकेक गाऱ्हाणं मांडते आणि प्रत्येकासोबत एक विनंती करते.

पहिलं गाऱ्हाणं चालढकलीचं. एच-१बी तीन-तीन वर्षांचा, सहा वर्षांत संपणारा. त्यापुढे मुदतवाढ हवी तर ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज वर्षभर आधी दाखल झालेला असावा लागतो. म्हणून पुष्कळ कंपन्या पाचव्या वर्षापर्यंत हलतच नाहीत. माझ्या मालकांनीही ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणत २०१२ उजाडवलं. हिशेब बघा. ग्रीन कार्डाच्या माझ्याच प्रवर्गातल्या ज्या भारतीयांचे अर्ज मे २०१० च्या आधी लागले होते, त्यांना शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरायची संधी २०१२ च्या एप्रिलपर्यंत मिळाली. मी दोन-तीन वर्षांनी मागे पडले आणि तिथे दहा वर्षं अडकले. माझा नवरा स्थापत्य अभियंता. एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर त्याला काम करायची मुभा नव्हती. अशा जोडीदारांना कामाचा परवाना मिळायला लागला तो २६ मे २०१५ पासून, आणि तोही बहुतेक करून ज्यांच्या घरातला आय-१४०, म्हणजे कंपनीने भरायचा दुसऱ्या टप्प्याचा अर्ज, मंजूर झालेला होता त्यांनाच. मालक अर्ज लांबवतो तेव्हा एका माणसाचीच नोकरी अडकत नाही, अख्खं घर अडकतं. विनंती अशी की नेमणुकीच्या पत्रातच तारीख लिहा : अमुक महिने काम पाहू आणि अमुक तारखेला अर्जाला सुरुवात करू. अर्ज करायचाच नसेल तर तसंही स्पष्ट लिहा. माणूस आपला मार्ग वेळेत शोधेल.

दुसरं गाऱ्हाणं कागदांचं. आय-१४० मंजूर झाल्याची नोटीस कंपनीकडे आणि कंपनीच्या वकिलाकडे येते. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला तिचा क्रमांकसुद्धा सांगितला जात नाही. ‘‘ते कंपनीचे कागद आहेत,’’ हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकलं. पुढची कंपनी नव्याने अर्ज करते तेव्हा जुनी तारीख टिकवायला हाच क्रमांक लागतो. तसंच अनुभवाचं पत्र. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, कोणतं तंत्रज्ञान, हे सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायला पाच मिनिटं पुरतात. ते पत्र अडवलं तर समोरच्याचा पुढचा अर्ज लंगडा पडतो. विनंती : मंजुरीची प्रत आणि अनुभवाचं पत्र, दोन्ही न मागता द्या. यात आपला एक डॉलरही जात नाही.

तिसरं गाऱ्हाणं पगाराचं आणि बढतीचं. ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्यात, ज्याला सगळे पर्म म्हणतात, ‘या कामासाठी पात्र अमेरिकन माणूस मिळत नाही’ हे कंपनीने दाखवायचं असतं. त्यासाठी रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा जाहिरात द्यायची, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे तीस दिवस जागा नोंदवायची आणि ऑफिसच्या भिंतीवर कामकाजाचे सलग दहा दिवस सूचना लावायची. आमच्या ऑफिसात ती सूचना कॉफीच्या यंत्राशेजारी लावली होती. माझं पद, माझं काम, माझा पगार, आणि खाली कुणाला हरकत असल्यास कुठे कळवावं याचा पत्ता. त्या कागदासमोर उभं राहून सहकारी कॉफी भरून घेत. काहींनी वाचला, काहींनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. नियम आहे, तो पाळायलाच हवा. पण ज्या पदाची सूचना त्या दिवशी भिंतीवर लागली, त्याच पदावर मी पुढची दहा वर्षं राहिले. काम वाढलं. नव्या मुलांना मी शिकवलं, त्यांतले काही माझे वरिष्ठ झाले. विचारलं की एकच उत्तर : ‘‘आता पद बदललं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.’’ कामाचं स्वरूप मुळातून बदललं तर ते खरं आहे. पगारवाढीला मात्र ते लागू नाही. अर्जातला पगार ही किमान रक्कम असते, त्याहून जास्त द्यायला कुणाची बंदी नाही. विनंती : रांगेतल्या माणसाचा पगार दरवर्षी बाजाराशी ताडून पाहा. तो जाऊ शकत नाही, हे कमी पगार देण्याचं कारण होऊ शकत नाही.

चौथं गाऱ्हाणं वसुलीचं. पर्मच्या टप्प्याचा सगळा खर्च, वकिलाच्या फीसकट, मालकानेच सोसायचा, असा नियम १६ जुलै २००७ पासून आहे. तो पगारातून कापता येत नाही आणि नंतर वसूलही करता येत नाही. तरीही ‘कार्ड मिळाल्यावर दोन वर्षांत सोडलंस तर सगळा खर्च परत’ अशा कागदांवर सह्या घेतल्या जातात. पुढच्या टप्प्यांच्या खर्चाबद्दल करार होऊ शकतात आणि ते त्या त्या राज्याच्या कायद्यावर तोलले जातात. विनंती : जो खर्च कायद्याने आपल्यावर टाकला आहे त्याला हात लावू नका. बाकीच्या खर्चाचा करार करायचाच असेल तर नेमकी रक्कम लिहा, ती महिन्यागणिक कमी होत जाईल असं ठरवा आणि सही घेण्याआधी माणसाला स्वतःच्या वकिलाला दाखवायला वेळ द्या.

पाचवं गाऱ्हाणं सर्वांत जिव्हारी लागणारं, ते धाकाचं. ‘सोडून गेलीस तर कार्ड रद्द करवीन,’ असं काही मालक सांगतात आणि माणसं खरंच घाबरतात. कायदा काय म्हणतो ते इथे नीट लिहिते, म्हणजे दोन्ही बाजूंना उपयोग होईल. कार्ड मंजूर होताना ती नोकरी देण्याचा मालकाचा आणि ती करण्याचा कर्मचाऱ्याचा इरादा खरा असला पाहिजे. त्यानंतर इतके महिने थांबलंच पाहिजे, अशी मुदत कायद्यात नाही. वकील सहसा काही महिने, निदान सहा महिने थांबायचा सल्ला देतात. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करताना नोकऱ्यांचा इतिहास लिहावा लागतो, तेव्हा इराद्याविषयी शंका निघू नये, हा त्यामागचा विचार. हा सल्ला शहाणपणाचा आहे. पण जिने आपल्याकडे पंधरा वर्षं काम केलं, तिच्या इराद्यावर कोण शंका घेणार? कार्ड मिळण्याआधीसुद्धा वाट आहे. शेवटच्या टप्प्याचा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला की त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येतं, हे २००० सालच्या कायद्यात आहे. मंजूर होऊन १८० दिवस उलटलेला आय-१४० मालकाने मागे घेतला तरी तेवढ्याने रद्द होत नाही, हा नियम जानेवारी २०१७ पासून लागू आहे. ग्रीन कार्ड तर मालकाच्या हातातली वस्तूच नाही. विनंती : धाक दाखवू नका. आणि रागाच्या भरात कुणाचा मंजूर अर्ज मागे घेऊ नका. त्यातून आपल्याला काही मिळत नाही.

इथे मला आमच्या गावाकडची एक रीत सांगावीशी वाटते. आमच्या भागात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. वडील सकाळी ओट्यावर वही घेऊन बसत. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे कधी, सगळं बोलून ठरे आणि वहीत चढे. पुढच्या पाडव्याला गडी मोकळा. दुसऱ्याच्या वावरात गेला तरी त्याला कुणी बेइमान म्हणत नसे. अडायचं ते उचलीपाशी. लेकीच्या लग्नाला, दुखण्याखुपण्याला घेतलेली उचल फिटली नसेल तर साल मोडता येत नसे. उचल फिटेना, म्हणून माणूस सुटेना. अशा कर्जापायी माणसाला कामाला जखडून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवलं. सालगड्याच्या हालांशी मी माझी बरोबरी करत नाही, माझा पगार आणि त्याचा पगार एका वहीत मावणार नाहीत. पण ‘मी तुला अडचणीत मदत केली, आता तू माझा’ हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. ग्रीन कार्ड ही उचल नव्हे. आणि असतीच, तर गोठलेल्या बढत्या, कमी घेतलेला पगार आणि घरी बसलेला जोडीदार, एवढ्यात ती केव्हाच फिटली आहे. हाच विचार आखाती देशांच्या कायद्यातही होता : तिथे मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलता येत नसे. कतारने ती अट २०२० मध्ये काढून टाकली. तिथे कायदा सैल होत चालला आहे आणि आपण मात्र कायद्यात नसलेला दोर माणसांच्या पायात बांधतो आहोत.

सहावं गाऱ्हाणं एकतर्फी निष्ठेचं. क्लायंटने प्रोजेक्ट बंद केलं की आपल्यालाही माणसं कमी करावी लागतात. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर मुलांची शाळा अर्धवट सोडवून देश सोडायचा. २०२२-२३ च्या नोकरकपातीत हे असंख्य भारतीय घरांत घडलं. तेव्हा ‘धंदा आहे, इलाज नाही’ असं सांगितलं गेलं आणि आम्ही ते समजून घेतलं. मग आम्ही चांगल्या संधीसाठी निघालो तर तोही आमचा व्यवहारच आहे. विनंती : दोघांना एकच माप लावा. नोटिशीचा काळ पूर्ण करणं, काम नीट सोपवणं, आपली माहिती बाहेर न नेणं ही आमची जबाबदारी. ती आम्ही पाळली की आपण प्रसन्न मनाने निरोप द्या.

आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतः याच रांगेतून गेले आहेत, म्हणून हे सगळं आपल्याला सांगण्यात अर्थ आहे. मी अमेरिकेत यायच्या थोडं आधीची, जुलै २००७ मधली गोष्ट मला ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितली. जुलैसाठी सगळ्यांचे अर्ज घेऊ, असं आधी जाहीर झालं होतं. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद गोळा केले, आणि २ जुलैला सरकारने दार बंद केलं. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन वर्षही झालं नव्हतं. शेकडो भारतीयांनी गांधीगिरी करायचं ठरवलं आणि १० जुलैला इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात फुलं पाठवली. त्यांनी ती वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला आणि अर्ज पुन्हा स्वीकारले. त्या फुलांमागे जी माणसं होती, त्यांतली काही आज मालकाच्या खुर्चीत बसली आहेत. रांगेतल्या माणसाची घालमेल त्यांनी विसरावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आजचे दिवस तर आणखी कठीण आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने बाहेरून नव्याने आणायच्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. नवी माणसं आणणं महागलं म्हणजे आधीपासून इथे असलेल्यांना धरून ठेवायचा मोह वाढणार. अशा वेळी आपण संयम दाखवला तर त्याला खरी किंमत आहे.

शेवटच्या दोन विनंत्या आपणा सर्वांना मिळून आहेत. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत उद्योजक एकत्र येतात. तिथे एक साधं वचनपत्र तयार करा : अर्जाची तारीख लेखी देऊ, कागदांची प्रत देऊ, बाजारभावाने पगार देऊ, बेकायदा वसुली करणार नाही, धाक दाखवणार नाही. ज्या कंपन्या सही करतील त्यांची नावं जाहीर करा. आमची मुलं नोकरी निवडताना ती यादी आधी बघतील. सोबत कर्मचाऱ्यांसाठी कायद्याच्या माहितीचं एक सत्र ठेवा, कंपनीशी संबंध नसलेल्या वकिलाचं.

दुसरी विनंती देशनिहाय मर्यादेबद्दल. ती उठवणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही स्वतःचा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि काम तिथेच थांबलं. रांगेत वाट पाहता पाहता, दोन वर्षांच्या वयात अमेरिकेत आलेली मुलं एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. कितीतरी जणांना आईवडिलांचं शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावं लागलं, कारण एकदा बाहेर पडलं तर परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती. रांगेतल्या माणसाला तिथे मत नाही. आपण नागरिक आहात, मतदार आहात, लोकांना रोजगार देता. आपल्या भागाचा प्रतिनिधी आपला फोन घेतो. तो फोन करा.

माझ्या जुन्या कंपनीत आजही काही जण रांगेत आहेत. त्यांतल्या कुणाला उद्या कार्ड मिळेल आणि ते दुसरीकडे जायचं ठरवतील. त्यांच्या राजीनाम्यावर सही करताना त्यांनी आपल्याकडे केलेल्या कामाबद्दल दोन चांगले शब्द लिहा. मिठाचा हिशेब काढू नका. या पत्रातल्या एखाद्या मुद्द्यावर आपलं म्हणणं वेगळं असेल तर तेही असंच उघडपणे मांडा. मी ते मोकळ्या मनाने वाचेन.



आपली नम्र,
धामणगाव बढ्याची एक अभियंता